छोट्या बोटीचा बिल्ज पंप बदलणं आणि त्याचं वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं १२ व्होल्टच्या, पाण्यात बुडून चालणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपाबद्दल आहेत. पाच ते नऊ मीटरच्या बहुतेक बोटींच्या बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचतं त्या आतल्या तळाशी, हाच पंप असतो. २४ व्होल्टची बोट असेल तर करंटचे आकडे साधारण निम्मे धरा, बाकी पद्धत तीच.

१. पंप चालत नाही. नवाच आणावा लागेल का?

आधी मल्टिमीटर हातात घ्या. स्विच मॅन्युअलला ठेवा आणि पंपाच्या अगदी जवळच्या जोडावर व्होल्टेज बघा. पंप जोडलेला असतानाच मोजा. वायर सुटी करून मोजलं तर गंजलेल्या जोडातूनसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि फसगत होते.

व्होल्टेज नीट येतंय आणि पंप गप्प आहे, तर फ्यूज काढा, जाळी उघडा आणि इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं फिरतं चाक) बोटाने फिरवून बघा. तंगूस, केसांचा गुंता, केबल टायचा कापलेला तुकडा, लेबलचा कागद, काहीही अडकलेलं सापडतं. इम्पेलर मोकळा फिरतोय, व्होल्टेज आहे, तरी मोटर हलत नाही, तर पंप गेला. व्होल्टेजच येत नसेल तर फ्लोट स्विच (पाणी चढलं की उचलला जाऊन पंप सुरू करणारा), जोड, फ्यूज होल्डर असं पंपाकडून बॅटरीकडे मागे मागे जात बघा. ‘मेला’ म्हणून काढलेला पंप थेट बॅटरीला लावल्यावर घरघरायला लागतो, हे इतक्या वेळा घडतं की नवा घेण्याआधी एवढं करून बघाच.

२. किती क्षमतेचा पंप घ्यावा?

पंपांची क्षमता बहुधा ताशी अमेरिकन गॅलनमध्ये छापलेली असते. ५०० म्हणजे ताशी सुमारे १,९०० लिटर, ८०० म्हणजे ३,०००, १,१०० म्हणजे ४,१६० आणि २,००० म्हणजे ७,५७० लिटर.

आता दुसरी बाजू. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटरचं एक भोक पडलं, तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला ३,३०० च्या आसपास. ५०० चा पंप तिथे हरतोच. १,१०० चासुद्धा प्रत्यक्षात कमीच पडतो (का, ते प्रश्न ३ मध्ये). म्हणून पाच-सहा मीटरच्या बोटीलाही १,१०० पेक्षा लहान पंप एकटा ठेवू नये. त्याहून मोठ्या बोटीत दोन पंप बरे: रोजच्या पाण्यासाठी एक लहान, अगदी तळाशी, आणि २,००० चा एक मोठा, थोडा वर, एरवी कोरडा राहणारा. एवढं करूनही पंपामुळे भोक बुजवायला वेळ मिळतो, इतकंच. हाताने चालवायचा पंप आणि बादली बोटीवर असायलाच हवी.

३. डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी माझा पंप का काढत नाही?

तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता, होज न लावता आणि बॅटरी चार्ज होत असतानाच्या व्होल्टेजवर मोजलेला असतो. बोटीत पाणी मीटर-दीड मीटर वर चढतं, होजला वळणं असतात, बॅटरी १२.३ वर असते. छापील आकड्याच्या अर्धं ते दोन-तृतीयांश पाणी पडलं तर पंप ठीक आहे असं समजा. त्याहून कमी पडत असेल तर बहुतेक वेळा होज (प्रश्न ६) किंवा बारीक वायर (प्रश्न ११) कारण असते.

४. जुना काढून नवा बसवायचा क्रम काय?

पेट्रोल इंजिन असेल तर सगळ्यात आधी बिल्ज उघडून वारा खेळू द्या, ब्लोअर (बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा) असेल तर चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि नेमकी तळाशी, पंपाच्या आसपास साचते. वास पूर्ण गेल्याशिवाय वायरीला हात लावू नका. मग:

1. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. फ्लोट स्विच बऱ्याचदा मेन स्विचला वगळून जोडलेला असतो, त्यामुळे नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही.
2. जोडांचे फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा. जुन्या बोटीत रंगांवर भरवसा नको.
3. होजचा क्लॅम्प सैल करा. होज चिकटून बसली असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दोन मिनिटं थांबा. तरी हलली नाही तर कापा. पेचकसाने उचकटलं की पंपाची नळी तुटते.
4. पंपाच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून तो जाळीच्या बैठकीतून वर उचला. तेच मॉडेल आणलं असेल तर जुनी बैठक जागेवर राहते आणि नवा पंप टक्कन बसतो. अर्धं काम इथेच वाचतं.
5. तळ खरवडून, ग्रीस जाईल असा धुऊन वाळवा, नवी बैठक लावा (प्रश्न ५).
6. होज चढवा, स्टेनलेसचा क्लॅम्प आवळा, वायरिंग करा (प्रश्न ८ ते १२).
7. तळाशी राहिलेले वायरीचे तुकडे आणि प्लास्टिकचा कचरा वेचून काढा. नव्या पंपाच्या पोटात पहिला कचरा जातो तो हाच.
8. पाणी ओतून चाचणी घ्या (प्रश्न १९).

५. बैठकीसाठी तळाला थेट स्क्रू मारले तर चालतील?

शक्यतो नाही. फायबरचा तळ काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, आणि आत लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल तर स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून तो कुजतो. इपॉक्सीने एक जाड प्लास्टिकची किंवा फायबरची पट्टी तळाला चिकटवा आणि त्या पट्टीतच मावतील असे आखूड स्क्रू मारा, भोकात मरीन सीलंट भरून. ॲल्युमिनियमच्या बोटीतही हेच करा.

६. होज कोणती घ्यायची आणि कुठून न्यायची?

आतून गुळगुळीत असलेली. आतून बाहेरून वळ्या असलेली स्वस्त होज वाकायला सोपी, पण आतल्या प्रत्येक वळीवर प्रवाह अडखळतो. माप पंपाच्या नळीइतकंच ठेवा: ५०० च्या पंपाला बहुधा १९ मिलिमीटर, १,१०० आणि २,००० ला २८-२९ मिलिमीटर. मध्येच बारीक जोड घातला की मोठ्या पंपाचा लहान पंप झाला.

रस्ता आखूड आणि सतत चढता हवा. मध्ये कुठेही झोळ पडला की तिथे पाणी राहतं आणि हवा अडकते (प्रश्न १४). बाहेरचं तोंड भरलेल्या बोटीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान २०-३० सेंटिमीटर वर असावं. भरलेल्या म्हणजे माणसं, इंधन, जाळी, बर्फ सगळं चढवल्यावर. शिडाची बोट कलते तेव्हा ते तोंड पाण्याखाली जात असेल, तर होज उंच कमानीत नेऊन कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा अँटी-सायफन व्हॉल्व्ह बसवावा लागतो. नाहीतर पंप बंद झाल्यावर समुद्रच होजमधून उलटा आत येतो. उन्हाने पांढरं प्लास्टिकचं तोंड तडकतं. पंप बदलताना तेही नखाने दाबून बघा.

७. पाणी मागे येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावू का?

नको. कचऱ्याने तो उघडा राहिला तर उपयोग शून्य, आणि बंद स्थितीत चिकटला तर पंप फिरत राहतो आणि पाणी जागचं हलत नाही. शिवाय त्याच्यामागे हवा कोंडली की हे पंप ती ढकलू शकत नाहीत. होजमधलं पाणी परत येण्याचा त्रास वेगळ्या प्रकारे सोडवता येतो, तो प्रश्न १५ मध्ये आहे.

८. पंपाला तीन वायरी आहेत. कोणती कुठे लावायची?

आत सेन्सर असलेल्या अनेक पंपांत काळी वायर निगेटिव्ह, तपकिरी ऑटोची आणि तपकिरी-पांढरी मॅन्युअलची असते. पण सगळे उत्पादक हेच रंग वापरत नाहीत, तेव्हा सोबतचा कागद प्रमाण.

साधा दोन वायरींचा पंप आणि वेगळा फ्लोट स्विच असेल तर जोडणी अशी: बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज, फ्यूजवरून तीन स्थितींच्या स्विचच्या मधल्या टर्मिनलला. स्विचच्या ‘मॅन्युअल’ टर्मिनलवरून थेट पंपाच्या पॉझिटिव्हला. ‘ऑटो’ टर्मिनलवरून फ्लोट स्विचच्या एका वायरीला, आणि फ्लोटची दुसरी वायर पंपाच्या त्याच पॉझिटिव्हला. पंपाची निगेटिव्ह सरळ निगेटिव्ह बसबारवर (सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर). यांत्रिक फ्लोटच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी चालतं. इलेक्ट्रॉनिक सेन्सरच्या झाल्या तर तो जळू शकतो.

९. ऑटोची लाइन मेन स्विचमधून घ्यावी की थेट बॅटरीवरून?

थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून. माणूस बोट सोडून जाताना मेन स्विच बंद करतो, आणि पंपाची खरी गरज तेव्हाच असते. याच कारणाने काही जण ‘ऑटो’ला स्विचच ठेवत नाहीत: फ्लोट कायम चालू, पॅनेलवरचा स्विच फक्त मॅन्युअलसाठी. ‘बंद’ स्थितीत विसरण्याचा धोका त्यामुळे जातो, आणि आमचं मतही तिकडेच झुकतं.

मात्र यात एक खोच आहे. मॅन्युअलचा स्विच चालू राहिला आणि मेन स्विच बंद असला, तर फ्लोट वर उचलला जाताच करंट मॅन्युअलच्या वायरीतून उलटा पॅनेलवर जातो. तिथे चालू असलेले दिवे, रेडिओ, सगळं पंपाच्या छोट्या फ्यूजवर येतं, फ्यूज उडतो आणि पंप थांबतो. बोटीवर कोणी नसताना. उपाय स्वस्त आहे: मॅन्युअलसाठी स्प्रिंगचा, बोट उचललं की सुटणारा स्विच लावा.

१०. फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे?

पंपाच्या लेबलवर जो छापलाय तोच. अंदाजासाठी: ५०० चा पंप चालताना दोन-अडीच अँपिअर घेतो, १,१०० चा चारच्या आसपास आणि त्याला बहुधा ५ चा फ्यूज सांगितलेला असतो, २,००० चा आठ ते बारा आणि त्याला १५ चा.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज हा वायरीचा तुकडा फ्यूजच्या संरक्षणाबाहेर असतो. तो कुठे घासून शॉर्ट झाला तर त्याला वाचवणारं काहीच नाही.

‘सारखा उडतो म्हणून मोठा घातला’ हे तर रोजचं. इम्पेलर अडकला की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ५ च्या जागी १५ चा फ्यूज असेल तर तो उडणारच नाही, आणि प्लास्टिकची मोटर वितळेपर्यंत तापत राहील. सारखा उडणारा फ्यूज म्हणजे अडकलेला इम्पेलर, घासणारं बेअरिंग किंवा पाणी शिरलेला जोड.

११. वायर किती जाड घ्यावी?

जाण्या-येण्याची दोन्ही लांबी धरून व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत राहील इतकी. १२ व्होल्टवर ती ०.३६ व्होल्ट होते. हिशेब सोपा आहे: ०.०१७५ गुणिले एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले वायरचा छेद चौरस मिलिमीटरमध्ये, गुणिले अँपिअर.

बॅटरी पंपापासून ५ मीटर, म्हणजे एकूण लांबी १० मीटर, करंट ४ अँपिअर. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत घट ०.२८ व्होल्ट: चालेल. १.५ च्या वायरीत ०.४७: चालणार नाही, पंप मंद फिरेल. १० अँपिअरच्या पंपाला याच अंतरावर ४ सुद्धा कमी पडते (०.४४), ६ ची घ्या. वायर अनेक बारीक तारांची आणि कथिलाचा मुलामा दिलेली असावी. घरातल्या वायरिंगची एकतारी वायर बोटीच्या थरथरीत तुटते.

१२. जोड कसे करायचे? टेप गुंडाळली तर?

टेपच्या आत पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. आतून गोंद असलेले, तापवल्यावर आवळणारे क्रिम्प (हत्याराने दाबून बसवायचे) जोड वापरा. क्रिम्पिंगचं योग्य हत्यार घ्या, पकडीने दाबलेला जोड ओढला की सुटतो. दाबल्यावर दोन्ही बाजूंनी जोरात ओढून बघा, मग हीट गन फिरवा, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर येईपर्यंत.

जोड बिल्जमध्ये पाणी चढू शकेल त्या पातळीच्या वर करा, आणि जोडाआधी वायरीला खाली एक झोका द्या म्हणजे ओघळणारं पाणी तिथून टपकेल. जुनी वायर पुन्हा वापरायची असेल तर टोक सोलून बघा. तांबं काळं-हिरवं दिसलं तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. इन्सुलेशनच्या आतून पाणी वर चढत जातं, त्यामुळे कधी कधी अर्धा मीटर कापूनही तांबं काळंच निघतं. मग ती वायर टाकूनच द्या.

१३. फ्लोट स्विच निगेटिव्ह वायरीवर लावला तर फरक काय पडतो?

पंप चालू-बंद तसाच होतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण पंप बंद असतानाही त्याच्या मोटरपर्यंत आणि स्विचच्या वायरीपर्यंत १२ व्होल्ट जिवंत राहतात, तेही खाऱ्या पाण्यात. कुठे बारीकशी चीर असली की तिथून करंट पाण्यात झिरपतो आणि धातू खात जातो. जवळची फिटिंग, प्रोपेलरचा शाफ्ट, ॲल्युमिनियमची बोट असेल तर तळच. स्विच आणि फ्यूज कायम पॉझिटिव्हवर.

फ्लोटची जागा: पंपाच्या शेजारी, पण त्याचा तळ पंपाच्या तळापेक्षा खाली नको. खाली असेल तर पंप पाणी ओढायचं थांबला तरी फ्लोट वरच राहतो आणि पंप कोरडा फिरत बसतो.

१४. पंप फिरतोय, आवाज येतोय, पण पाणी बाहेर पडत नाही.

तीन शक्यता, याच क्रमाने बघा. जाळी तुंबलीये. पंपात हवा अडकलीये: होज पंपाच्या नळीवरून क्षणभर सैल करा, बुडबुडे निघाले आणि पाणी सुरू झालं तर तेच. कायमच्या उपायासाठी होजमधला झोळ काढा आणि पंपाची नळी वरच्या बाजूला तिरकी येईल असा पंप फिरवा. तिसरी शक्यता, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे लागलेत. हे पंप उलटे फिरूनही थोडंसं पाणी फेकतात, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

१५. पंप दर दोन-तीन मिनिटांनी सुरू होऊन लगेच बंद होतो.

होजमधलं पाणी मागे येतंय का बघा. २८ मिलिमीटरच्या ३ मीटर होजमध्ये जवळपास २ लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते खाली येतं, अरुंद बिल्जमध्ये तेवढ्याने फ्लोट पुन्हा उचलला जातो, आणि हे चक्र बॅटरी संपेपर्यंत चालतं. होज आखूड करा, फ्लोट दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, किंवा रोजच्या पाण्यासाठी बारीक होजचा लहान पंप लावा.

पण आधी खरी गळती नाही ना, याची खात्री करा. बिल्ज कोरडं पुसा आणि पंप बंद ठेवून अर्धा तास बघत राहा. पाणी वाढलंच तर खारं की गोडं ते तपासा. खारं असेल तर शाफ्टच्या ग्लँडपासून (प्रोपेलरचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सीलपासून) शोध सुरू करा. काही सेन्सर नसलेले ‘ऑटोमॅटिक’ पंप मुद्दाम दर अडीच-एक मिनिटांनी क्षणभर फिरून पाण्याचा भार चाचपतात. तुमचा तसा असेल तर तो बिघाड नाही.

१६. पंप बंदच होत नाही.

बहुतेक वेळा फ्लोटच्या खाली काहीतरी अडकलेलं असतं, किंवा तेलाच्या राडीने त्याची बिजागरी चिकटलेली असते. इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर तेलाचा थर बसला तरी त्याला पाणी असल्याचाच भास होतो. साबणाच्या पाण्याने धुवा. फ्लोट हाताने खाली दाबूनही पंप चालूच असेल, तर स्विचचे संपर्क आत चिकटलेत. तो बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

१७. दोन पंप एकाच होजला टी लावून जोडले तर?

एक पंप चालला की त्याचं पाणी दुसऱ्यातून परत बिल्जमध्ये पडतं. प्रत्येकाला स्वतंत्र होज, स्वतंत्र तोंड, स्वतंत्र फ्यूज. वरच्या पंपाच्या फ्लोटलाच एक भोंगा जोडून ठेवा: तो वाजला म्हणजे खालचा पंप कमी पडतोय किंवा बंद आहे.

१८. बिल्जमध्ये डिझेल किंवा तेल आलंय. पंपाने बाहेर काढू?

नाही. पाण्यात तेल सोडणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. ऑटो बंद करा, तेल शोषणाऱ्या गाद्या टाका, उरलेलं डब्यात भरा. आणि ते सांडलेलं पेट्रोल असेल तर कुठलाही स्विच, बंद करायलाही, छेडू नका. माणसं उतरवा, इंधनाचा कॉक बंद करा आणि वास जाईपर्यंत झडपा उघड्या ठेवा.

१९. सगळं लावून झालं. चाचणी कशी घ्यायची?

फ्लोट हाताने उचलून नाही, खरं पाणी ओतून. ऑटोवर पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि पाणी संपताना बंद झाला पाहिजे. मेन स्विच बंद करून हेच परत करा. मग होजचं तोंड १० लिटरच्या बादलीत सोडून वेळ मोजा: १,१०० च्या पंपाने बादली १३ ते १७ सेकंदांत भरली तर सगळं ठीक. पंप चालू असताना बॅटरीवरचं आणि पंपाजवळचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर किंवा जोड परत बघा. शेवटी जोडांवरून बोट फिरवा. एखादा कोमट लागला तर तो पुन्हा करा.

२०. बोट महिनाभर नांगरून ठेवायची आहे. बॅटरी पुरेल का?

पावसाची भीती वाटते त्यापेक्षा कमी असते. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद उघड्या बोटीत १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १,००० लिटर पाणी साचतं. ताशी प्रत्यक्ष २,५०० लिटर काढणारा ४ अँपिअरचा पंप ते २४ मिनिटांत, म्हणजे १.६ अँपिअर-तासांत काढतो. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले ३० वापरता येतात असं धरलं, तर असे बरेच पाऊस निघतात, बॅटरी नवी आणि पूर्ण चार्ज असेल तर.

बॅटरी मारतं ते प्रश्न १५ मधलं चक्र किंवा प्रश्न १६ मधला अडकलेला फ्लोट. ४ अँपिअर सतत गेले तर तेच ३० अँपिअर-तास साडेसात तासांत संपतात. २० वॅटचं एक सोलर पॅनेल, चार्ज कंट्रोलरसह, चांगल्या उन्हात दिवसाला ४-५ अँपिअर-तास परत भरतं. साध्या पावसाच्या पाण्याला ते पुरतं. अडकलेल्या फ्लोटपुढे किंवा खऱ्या गळतीपुढे पुरत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन फ्लोट हलवून यायला हवं.